गुंड्याभाऊंची वेधशाळा

मे महिन्यात पुण्यात पावसाचा अंदाज तीन ठिकाणी मिळतो. पहिलं ठिकाण शिवाजीनगरचं शिमला ऑफिस. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, पुढे १९४४ साली दिल्लीला गेलं, पण नाव एकदा पडलं की पुणेकर ते बदलत नाहीत. दुसरं पाषाणचं आयआयटीएम, म्हणजे उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था. मोबाइलवर विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲप त्यांचंच. आणि तिसरं आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमधलं देवघर. तिथला शास्त्रज्ञ पगार घेत नाही, पोळीवर भागवतो, आणि त्याच्या अंदाजात 'तुरळक ठिकाणी' हे शब्द कधीही येत नाहीत.

या वेधशाळेचा शोध तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लावला. काकूंचं वाळवण म्हणजे सोसायटीतलं मोठं खातं आहे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो पहाटे उठून शिजवायचा, सोऱ्यातून गरमागरम पाडायचा आणि मग गच्चीवर जुन्या साडीवर पसरून उन्हाच्या हवाली करायचा. एवढं झाल्यावर दुपारी चारला वळवाची सर आली, तर त्या साडीवर जे उरतं ते कुरडईही नसतं आणि चीकही नसतो. एका दुपारी काकू उसनं तिखट मागायला आमच्याकडे आल्या होत्या. बाहेर डोळे दिपतील असं ऊन. आणि आमचा गुंड्या, चार पायांचा, तांबूस रंगाचा, जाड मानेचा अस्सल गावठी कुत्रा, सोफ्यावरून उतरला, बाल्कनीकडे नाक करून उभा राहिला, दोनदा जांभई दिली आणि शेपूट पोटाखाली घेऊन देवघरात शिरला.

"याला काय झालं?" काकूंनी विचारलं.

"पाऊस येणार असेल," बायको म्हणाली.

काकूंनी आकाशाकडे पाहिलं. ढगाचा टिपूस नव्हता. पण ज्या बाईने पन्नास वर्षं कुरडया घातल्या, ती पुरावा मागत बसत नाही. तिखट तिथेच ठेवून त्या जिना चढल्या. पाऊण तासाने असा काही वळीव कोसळला की शेजारच्या सोसायटीतल्या साबुदाण्याच्या पापड्या आमच्या पार्किंगमध्ये आल्या. काकूंच्या कुरडया मात्र पलंगाखाली कोरड्याठाक. त्या दिवसापासून दुपारी तीननंतर आमच्या घरी फोन सुरू होतात. "भाऊ बाहेर आहेत की आत गेले?"

भाऊ म्हणजे गुंड्याच. त्याचं पूर्ण नाव गुंड्याभाऊ, चि. वि. जोश्यांच्या चिमणरावांचे ते गुंड्याभाऊ. चहाच्या टपरीमागून उचलून आणलं तेव्हाच पिल्लाची मान आणि चाल अशी पैलवानी होती, की दूरदर्शनवर बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ पाहिलेल्या आमच्या आईने दारातच बारसं करून टाकलं. नाव शोभतंही. गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना त्याचा वचक, कचऱ्याची गाडी त्याच्या परवानगीशिवाय वळत नाही, आणि कुरिअरवाला पाकीट फाटकावरून फेकतो. पण हे सगळं आभाळ निरभ्र असेपर्यंत. ढग दाटले, की गुंड्याभाऊ संपतात आणि चिमणराव सुरू होतात.

देवघर त्याने का निवडलं, हे समजायला आम्हांला वेळ लागला. आधी त्याने पलंगाखालचा कोपरा, वॉशिंग मशीनच्या मागची फट आणि मोरी अशा सगळ्या जागा पाहून घेतल्या. देवघर हा आमच्या घराचा सगळ्यांत आतला कोपरा. खिडकी नाही, तिन्ही बाजूंना भिंती, त्यामुळे विजेचा लखलखाट दिसत नाही आणि आवाजही गाळून येतो. बिल्डरने जिथे हवेचा विचार केला नव्हता, तिथे कुत्र्याने आवाजाचा केला. प्रश्न होता आईच्या सोवळ्याचा. आईने तो एका वाक्यात निकालात काढला. दत्ताच्या तसबिरीकडे बोट करून म्हणाली, "तिथे पायाशी चार आहेतच. हा पाचवा."

भ्यालेला कुत्रा जवळून पाहिल्याशिवाय ही भीती किती शारीरिक असते ते कळत नाही. एरवी कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, आणि तोही आपल्या लक्षात येत नाही. पण पहिली गडगड झाली की आमच्या शहाबादी फरशीवर सोफ्यापासून देवघरापर्यंत ओल्या पावलांची रांग उमटते. बाहेर पाऊस सुरू व्हायच्या आधीच घरात ओल. मग धाप लागते, जीभ बाहेर, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, आणि सगळं अंग असं बारीक थरथरतं की देव्हाऱ्यातली घंटा कोणी न वाजवता किणकिणते. आई पहिल्यांदा हात जोडून उभी राहिली होती.

त्याला आधी कसं कळतं, यावर सोसायटीत बरीच चर्चा होते. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा फार पुढचे. आपण वीस हजार हर्ट्‌झला थांबतो, तो त्याच्या दुपटीच्या वर जातो, आणि आपल्याला पोचतच नाही इतकी बारीक कुजबुजही त्याला पोचते. पण नुसत्या कानाचं हे काम नाही. वारा पडतो, मग एकदम उलटा फिरतो, दूर कुठे माती भिजल्याचा वास येतो, उजेड पिवळट होतो आणि यापाठोपाठ तो आवाज येतो. दोन-चार मोसमांत ही सगळी साखळी कुत्र्याच्या डोक्यात पक्की बसते. मग साखळीची पहिली कडी हलली की तो शेवटच्या कडीला घाबरून मोकळा होतो. म्हणून ही भीती वयाबरोबर कमी होण्याऐवजी वाढते. पहिल्या वर्षी तो विजेला भ्यायचा, मग ढगाला, मग वाऱ्याला, आणि आता काकूंनी गच्चीचं दार आपटलं तरी देवघराकडे एक नजर टाकतो.

बरं, घाबरतो त्यात त्याचं चुकतं काय? वीज पडते तेव्हा तिच्या वाटेतली हवा क्षणार्धात तीस हजार अंशांच्या आसपास तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती हवा फुटल्यासारखी पसरते, तो गडगडाट. डोक्यावर सूर्याच्या पाचपट तापलेलं काहीतरी फुटतंय आणि आम्ही चहात खारी बुडवून बसलोय, यात बिनडोक कोण, हे गुंड्याला विचारलं तर तो सौजन्याने गप्प बसेल. शिवाय आम्ही तरी कुठे शूर आहोत? पहिल्या कडकडाटाला मी टीव्हीचा प्लग काढतो, मुलगी वायफायचा, बायको फ्रिजचा. सेक्रेटरी लिफ्ट बंद करायला धावतात. फरक एवढाच की आम्ही याला सावधगिरी म्हणतो.

आईचा उपाय पिढीजात. वीज कडाडली की अर्जुनाची दहा नावं घ्यायची. अर्जुन, फाल्गुन, पार्थ, किरीटी असं म्हणत ती गुंड्याच्या कानाशी बसते. तिचा आवाज संथ असतो, हात पाठीवर असतो, आणि गुंड्याचं थरथरणं खरोखर थोडं कमी होतं. मी एकदा शंका काढली, की महाप्रस्थानाच्या वेळी अर्जुन वाटेतच पडला आणि स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाबरोबर गेला तो कुत्रा. मग नियमाने पाहिलं तर अर्जुनाने कुत्र्याचं नाव घ्यायला हवं. आईने मला देवघराबाहेर जायला सांगितलं. गुंड्याला राहू दिलं.

दुसऱ्या मजल्यावरचे नाना मात्र आईच्या पद्धतीच्या सक्त विरोधात. नाना लष्कराच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. लष्कर त्यांनी फायलीतच पाहिलं, पण शिस्त तिथूनच अंगात भिनली. "कुरवाळता म्हणून घाबरतो," नाना म्हणतात. "लक्षच देऊ नका. नाटकं आहेत." हे मत फार जुनं आणि फार पसरलेलं आहे, आणि चूक आहे. भीती ही काही बक्षीस मिळावं म्हणून केलेली गोष्ट नव्हे. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा आलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणून ते पुढच्या वर्षी मुद्दाम गोळा आणत नाही. कुत्रा जवळ येऊन बसला तर बसू द्यावं, लपला तर ओढून बाहेर काढू नये, आणि ओरडू तर अजिबात नये. नानांना हे मी सांगितलं. नाना म्हणाले, "मग करा लाड." त्याच रात्री जवळच कुठेतरी वीज पडली आणि नाना टॉर्च घेऊन आमच्याकडे 'सहज' आले. अर्धा तास बसले. गुंड्या त्यांच्या पायाला टेकून होता, आणि त्यांनी पाय काढून घेतला नाही.

घरगुती उपायांचा एक वेगळाच मोसम होऊन गेला. कानात कापूस घातला. तो त्याने एका झटक्यात मान हलवून वरणात पोचवला. आईने कपाटातून माझी शाळेतली माकडटोपी काढली. टोपीने कान झाकले, थोडा फायदाही झाला, पण टोपीतून फक्त नाक बाहेर आलेला गुंड्या थेट महाबळेश्वरला निघालेल्या माझ्या मामासारखा दिसायला लागला आणि घरातलं वातावरण गंभीर राहीना. परदेशात अशा कुत्र्यांना छाती-पोटाला घट्ट बसणारं जाकीट घालतात, त्या दाबाने काहींना धीर येतो, असं मुलीने वाचलं. त्या जाकिटाची किंमत ऐकून बायकोने माझा आटलेला बनियन घेतला, मागून दोन टाके घातले आणि गुंड्याला चढवला. तो चक्क शांत बसला. तेव्हापासून माझे बनियन आटायची वाट पाहणारं घरात कोणीतरी आहे.

मग मुलीने अभ्यासच सुरू केला. २००५ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी ढगांना भिणाऱ्या कुत्र्यांना त्यांच्याच घरी गडगडाटाची ध्वनिफीत ऐकवली आणि कुत्र्यांची व मालकांची लाळ तपासली. कुत्र्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सरासरी दोनशे टक्क्यांहून जास्त वाढलं आणि चाळीस मिनिटांनीही पूर्वपदाला आलं नाही. म्हणजे आवाज थांबला तरी कुत्रा थांबत नाही. नानांनी म्हटलेल्या नाटकाचा पडदा पडत नाही. मालकाशी नातं किती जिव्हाळ्याचं आहे याने फरक पडला नाही. फरक पडला तो घरात दुसरा कुत्रा असल्याने. अशा घरांतल्या कुत्र्यांचं कॉर्टिसॉल कमी वाढलं आणि लवकर उतरलं. मुलीने हे मोठ्याने वाचून दाखवलं आणि आशेने आमच्याकडे पाहिलं. आई तसबिरीकडे पाहून म्हणाली, "सहावा नको."

शेवटी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी सवयीचा उपाय सांगितला. गडगडाटाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावायचं, त्याच वेळी आवडीचं खाणं द्यायचं, आणि आवाज हळूहळू वाढवत न्यायचा. कुत्र्याला वाटलं पाहिजे, की ढग म्हणजे पनीर. आता आमच्या घरात गडगडाटाचं रेकॉर्डिंग कित्येक वर्षं चालूच होतं. आठच्या मालिकेतली सासू. ती दारात आली की वीज, तिने मान वळवली की वीज, तिने नुसतं "असं?" म्हटलं तरी तीन वेगवेगळ्या कोनांतून वीज. गुंड्या हे सगळं कान न हलवता पाहतो. चकली मागत पाहतो. टीव्हीतल्या ढगाबरोबर ना वाऱ्याची झुळूक येते, ना मातीचा वास, ना खिडकीच्या काचा थरथरतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. सासूचं ढोंग घरात पहिल्यांदा त्यानेच ओळखलं. रेकॉर्डिंगचा उपाय अनेक कुत्र्यांना लागू पडतो, पण त्याला पावसाळ्याआधी महिनोन्‌महिने लागतात, आणि आम्ही गेलो होतो एप्रिलच्या शेवटी.

म्हणून गोळी लिहून दिली. ही गोळी अल्प्राझोलाम, माणसांचीच, मात्र मोजून-मापून कुत्र्याच्या वजनाची. (आपल्या औषधाच्या डब्यातून अंदाजाने काढून देण्याची ही गोष्ट नव्हे. डोकेदुखीच्या साध्या गोळीनेही कुत्र्याच्या यकृताची वाट लागते.) औषधाच्या दुकानात ही गोळी रजिस्टरमध्ये नोंद करूनच मिळते.

"पेशंटचं नाव?"

"गुंड्या."

"वय?"

"चार."

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. "चार वर्षांच्या मुलाला ही गोळी?"

"मुलगा नाही हो, कुत्रा आहे."

"मग आडनाव काय लिहू?"

मागे रांग लागली होती. मी आमचंच सांगितलं. एरवी आमच्या घराण्यात नव्या माणसाचा प्रवेश इतक्या झटपट होत नाही.

गोळी द्यायची कशात, हा पुढचा पेच. पोळीत घातली, त्याने पोळी खाऊन गोळी जपून ताटलीच्या कडेला ठेवली. आईने शिऱ्यात घालायचं सुचवलं, पण शिऱ्यात बेदाणे असतात आणि बेदाणा कुत्र्याला विषासमान. त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे कळल्यापासून आमच्याकडे शिराच बेदाण्याशिवाय होतो आणि पाहुण्यांना कारण सांगावं लागतं. अखेर पनीर जमलं. पण खरा घोळ वेगळाच होता. डॉक्टरबाईंची अट अशी की गोळी वादळाच्या आधी तासभर पोटात गेली पाहिजे. एकदा भीती चढली की मग गोळीचा उपयोग फारसा नाही, आणि घाबरलेला कुत्रा पनीरकडे ढुंकूनही बघत नाही. आता वादळ तासाभराने येणार हे घरात खात्रीने कोणाला कळतं? गुंड्याला. आणि त्याला कळलं की तो खात नाही. म्हणजे ज्याला गोळी द्यायची त्याला पत्ता लागायच्या आत आपल्याला पत्ता लागला पाहिजे. मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे, पण माझ्या आयुष्यात एवढी अवघड स्पर्धा आली नव्हती.

तेव्हापासून मी एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात आकाशाकडे बघत जगतो. जून उजाडला की थोडी सुट्टी. जुलैत दिवस-दिवस रिपरिप चालते, पण ढग ओरडत नाहीत, त्यामुळे गुंड्या खिडकीत बसून तो पाऊस चवीने बघतो. मग ढोल-ताशा पथकांचा सराव, मग परतीचा पाऊस, आणि परतीच्या पावसाची धाप शमते न शमते तोच दिवाळी. हवामान खात्याची तीन तासांची सूचना येते: 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह'. हे तुरळक ठिकाण नेमकं कुठे, हे मी खूप वर्षं शोधत होतो. ते आमची गच्ची आहे. 'दामिनी' उघडलं की वीस आणि चाळीस किलोमीटरची वर्तुळं दिसतात. चाळीसच्या वर्तुळात वीज आली की मी फ्रिजकडे धावतो. वीसच्या आत आली तर वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजतो. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. मी आकडे मोजतो, आई नावं मोजते, आणि गुंड्या मध्ये बसतो.

आणि उपाय लागू पडला. यंदाच्या मे महिन्यातल्या सगळ्यांत मोठ्या वळवात, ज्यात कोपऱ्यावरचा गुलमोहर आडवा झाला, गुंड्या आटलेल्या बनियनमध्ये, जोरात लावलेल्या पंख्याखाली, दोन पाय पसरून झोपला होता. मध्ये एकदा डोळा उघडला, पनीर घेतलं, परत मिटला. आईने दत्ताला साखर ठेवली. आम्ही सगळे इतक्या हळू बोलत होतो, की जिन्यावरून काकू खाली येतायत हे दिसण्याआधी ऐकू आलं.

"भाऊ बाहेर होते ना हो?" काकूंनी दारातूनच विचारलं. त्यांच्या हातात परात होती, आणि परातीत दुपारपर्यंत ज्या कुरडया होत्या त्यांचा लगदा. "मी तुमच्या खिडकीतून दोनदा पाहिलं. ते घोरत होते. म्हटलं, ऊन चांगलं आहे, राहू देत."

त्या संध्याकाळी आमच्या घरात सोसायटीतल्या बायकांची बैठक झाली. कुत्र्याचे हाल होऊ नयेत याबद्दल एकमत होतं. पण चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचे उडदाचे पापड अजून व्हायचे होते, बटाट्याचा कीस अर्धवट होता आणि काकूंना कुरडया पहिल्यापासून घालायच्या होत्या. गोळी पंधरा दिवस पुढे ढकलता येईल का, असा एक ठराव जवळजवळ मांडला गेला. निदान अर्धी द्यावी, म्हणजे त्याला थोडंसंच भय वाटेल आणि तेवढ्यात सगळ्यांचा माल आत जाईल, असं वहिनींचं म्हणणं. आईने ते धुडकावून लावलं. शेवटी असं ठरलं, की गोळी देण्याआधी मला पाऊस कळलेला असतो, तर मीच गच्चीवर ओरडून सांगावं.

मी सांगतो. फ्रिज उघडताना एका हाताने पनीर काढतो आणि खिडकीतून वर हाक देतो. माझा अंदाज अधूनमधून चुकतोही. गेल्या आठवड्यात मी हाक दिली, बायकांनी धावपळ करून सगळं वाळवण खाली आणलं, आणि संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आभाळ काळवंडलं, पुन्हा मी हाक दिली. वरून कोणी हललं नाही. थोड्या वेळाने गच्चीच्या कठड्यावरून काकूंचं डोकं दिसलं.

"तुम्ही नका सांगू," त्या म्हणाल्या. "गोळी द्यायच्या आधी त्याला विचारून सांगा."